द्वेषाची चिथावणी आणि आपल्या हाती असलेला कायदा

जयंतीचे दिवस आले की भोंगे लागतात, आणि आता भोंग्यापेक्षा मोबाईलच जास्त वाजतो. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठलेही गाव घ्या. कोणीतरी समाजाविरुद्ध विखारी मजकूर पसरवतो, आपली तरुण मुले संतापून पोलीस स्टेशनला जातात आणि "आमच्या भावना दुखावल्या" असा दोन ओळींचा अर्ज देऊन परततात. आमच्या मते चूक येथेच होते.

भावना दुखावणे वेगळे आणि लोकसमूहाविरुद्ध द्वेष चेतवणे वेगळे. धार्मिक भावनांविषयीचे कलम २९५-अ हे १९२७ साली आले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. तो ग्रंथातील विषमतेचा धिक्कार होता, माणसांविरुद्ध चिथावणी नव्हे. दुखावलेल्या भावना हाच निकष धरला तर तो उद्या आपल्यावरच उलटेल. १९८७ साली बाबासाहेबांच्या 'रिडल्स'वरून काय ओरड झाली, ती ज्येष्ठांना आठवत असेल.

चिथावणीसाठी भारतीय दंड संहितेत कलम १५३-अ होते. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ आले. धर्म, जात, भाषा, जन्मस्थान आदी कारणांवरून दोन समूहांत शत्रुत्व वाढवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गुन्हा दखलपात्र आहे. तक्रारीची वाट न पाहता तो नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना बजावले. मात्र न्यायालयाने खटल्याची दखल घेण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि सारे अडते ते तेथेच.

मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलीतील 'सामना'च्या अग्रलेखांवर खटला भरावा म्हणून माजी मुख्य सचिव जे. बी. डिसोझा उच्च न्यायालयात गेले. १९९४ मध्ये याचिका फेटाळली गेली. पुढे सरकार बदलले, जुलै २००० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांना अटकही झाली. पण तीन वर्षांची मुदत केव्हाच उलटली म्हणून दंडाधिकाऱ्यांनी प्रकरण निकाली काढले. शब्द खरे की खोटे, चिथावणी होती की नव्हती, हा प्रश्न त्या दिवशी उघडलाच गेला नाही.

कलम ३५३(२) साठी मात्र जिल्हाधिकाऱ्यांची परवानगीही चालते, म्हणजे काम वर्ध्यातच होऊ शकते. आणि आपल्यासाठी महत्त्वाचा तो १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्याच्या कलम ३(१) मध्ये 'यू' हा खंड आला: अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांविरुद्ध शब्दाने, लेखनाने वा चित्राने द्वेष पसरवणे हा गुन्हा, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. पुतळा वा प्रतिमेची विटंबना 'टी' खंडात येते. येथे सरकारी परवानगीची अट नाही, तीन वर्षांची ती मुदतही नाही. मात्र आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसावा लागतो.

"आपण बौद्ध झालो, आता हा कायदा आपल्याला नाही," असे आजही काही शिकलेली माणसे म्हणतात. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झालेला आहे. ठाणेदारांनी शंका काढलीच, तर जातीचा दाखला पुढे ठेवावा.

अर्जात बोललेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. तारीख, वेळ, ठिकाण, ऐकणाऱ्यांची नावे द्यावीत. मोबाईलवरील मजकूर पुसू नये आणि रागाने पुढेही पाठवू नये. अर्जाच्या प्रतीवर पोलीस स्टेशनची पोच घ्यावी. गुन्हा नोंदवत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवावा.