जबडा दुखतो, घोरणं थांबत नाही – मग दातांना तारा लावायच्या का?

मैत्रिणींनो, तोंड उघडताना कानाजवळ ‘कट्’ असा आवाज होतो, पोळीचा घास चावताना कानशील ठणकतं, सकाळी उठावं तर जबडा जड झालेला. असं तुमच्यापैकी कितीजणींना होतं? आपण काय करतो? बाम चोळतो, कानात कोमट तेल घालतो आणि कामाला लागतो. घरच्या माणसाचं घोरणं तर आपल्याकडे नुसता थट्टेचा विषय! आणि घरातली बाई घोरत असेल तर तिला लाजच वाटते, ती कुणाला सांगतही नाही.

अशा वेळी कुणीतरी सांगतं, “दात वाकडे आहेत ना, तारा लावून घ्या. जबडाही थांबेल, घोरणंही थांबेल.” तारांचं काम दीड-दोन वर्षांचं आणि खर्च हजारांत. तेव्हा पैसे मोजण्याआधी यातलं खरं किती, ते नीट समजून घेऊ या.

दुखणं कानाचं की सांध्याचं?

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडझाप करा. बोटाखाली जे हलतं, तो जबड्याचा सांधा. आत कूर्चेची एक लहानशी चकती असते. ती जागेवरून किंचित सरकली की तोंड उघडताना आवाज होतो. नुसता आवाज आहे, दुखत नाही, तोंड नीट उघडतं, तर बहुधा काहीच करावं लागत नाही. पण दुखणं असेल, जबडा अडकत असेल, तर मात्र दाखवायला हवं. हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि तोही साधारण विशी ते चाळिशीच्या वयात जास्त दिसतो.

१९३४ साली अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टन यांनी या दुखण्याचा संबंध दातांच्या बैठकीशी जोडला. तेव्हापासून ‘दात नीट बसवले की सांधा बरा होतो’ हा समज चालत आला. गंमत अशी, की १९८७ साली मिशिगन राज्यातल्या एका खटल्यात नेमका उलटा आरोप झाला. तारांमुळेच सांधा बिघडला असं रुग्णाचं म्हणणं होतं आणि निकालही रुग्णाच्या बाजूने लागला. त्यानंतर या प्रश्नावर बरंच संशोधन झालं. त्याचं सार एवढंच, की तारांमुळे सांधा बिघडतो असंही नाही आणि तारांनी तो बरा होतो असंही नाही. सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१० सालच्या आढाव्यातही, तारांनी हे दुखणं बरं होतं किंवा टळतं, याला पुरावा सापडला नाही.

म्हणून दात सुंदर दिसावेत, नीट चावता यावं यासाठी तारा जरूर लावा. पण केवळ जबडा दुखतो म्हणून लावू नका.

मग करायचं काय?

बहुतेकींचा त्रास साध्या उपायांनीच कमी होतो. काही दिवस मऊ अन्न घ्या. गुरगुट्या भात, खिचडी, वरणात कुस्करलेली पोळी चालेल. ऊस, चिक्की, भाजलेलं कणीस, च्युइंगम बंद. जांभई आली तर हनुवटीखाली हात धरा. गरम पाण्यात पिळलेल्या पंच्याने दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं शेका. फोन खांद्याला धरून भाजी चिरायची सवय सोडा.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा : ओठ मिटलेले, दात सुटे. जेवतानाची वेळ सोडली तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायला नकोत. काळजीत, रागात, सुईत दोरा ओवतानासुद्धा आपण दात आवळून धरतो. रात्री दात खाण्याची सवय असेल तर दातांचे डॉक्टर मापाची प्लेट करून देतात. ती काढता-घालता येते. सांध्याच्या दुखण्यावर दात घासून बारीक करण्यासारखे कायमचे उपाय कुणी पहिल्याच भेटीत सुचवले, तर दुसरं मत घ्या.

दोन इशारे मात्र विसरू नका. तोंडात उभी तीन बोटं मावेनाशी झाली आणि सुपारी किंवा गुटख्याची सवय असेल, तर दोष सांध्याचा नसून गालाच्या आतली कातडी आखडल्याचा असू शकतो. पुढे त्यातून कर्करोगाचाही धोका असतो. आणि जिना चढताना जबडा दुखतो, थांबलं की राहतो. किंवा अचानक जबड्यात कळ येते, सोबत घाम, मळमळ, दम – तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे नव्हे, तडक इस्पितळात जायचं.

घोरणं : हसण्यावारी नेऊ नका

प्रत्येक घोरणारा आजारी नसतो. पण घोरता घोरता एकदम शांतता, श्वास बंद, आणि मग गुदमरल्यासारखा हुंदका देऊन पुन्हा सुरू – हे स्लीप ॲप्नियाचं लक्षण आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते, वाट बंद होते. असा श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबतो. तासाला ५ ते १५ वेळा असं झालं तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्याच्या वर तीव्र. यातून रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, आणि गाडी चालवताना डुलकी लागली तर काय होईल ते सांगायला नको.

बायकांत हा आजार वेगळ्या रूपात येतो. घोरणं कमी, पण रात्रभर झोपूनही थकवा, सकाळी डोकेदुखी, झोपमोड, चिडचिड. पाळी गेल्यावर धोका वाढतो. “वयच झालं आता”, म्हणून तो अंगावर काढला जातो. तसं करू नका.

निदान फक्त झोपेच्या तपासणीनेच होतं. आता लहान यंत्र देऊन ती घरीही करता येते. तोंडात डोकावून किंवा एक्स-रे पाहून ‘ॲप्निया आहे’ असं ठरवता येत नाही. तीव्र आजारात मुख्य उपाय म्हणजे नाकावाटे हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र. ते सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे आणलं.

दातांच्या डॉक्टरांचं काम इथे येतं. सौम्य आणि मध्यम आजारात, किंवा सीपॅप सोसत नसेल तेव्हा, रात्री घालायची दुहेरी प्लेट देतात. ती खालचा जबडा पुढे धरते, जीभ पुढे येते, वाट मोकळी राहते. पण पाहा, ती ओढते तोच जबडा! सांधा आधीच दुखत असेल तर त्रास वाढू शकतो आणि काही वर्षांत दातांची बैठकही थोडी बदलू शकते. म्हणून सांध्याचं दुखणं आधी सांगायचं, दर काही महिन्यांनी दाखवायचं आणि प्लेट घालून पुन्हा झोपेची तपासणी करून घ्यायची.

तारा लागतात त्या जबडा पुढे आणण्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर, म्हणजे निवडक रुग्णांना. नुसत्या तारांनी ॲप्निया जात नाही.

मुलांचं थोडं निराळं. मूल तोंड उघडं ठेवून झोपतं, घोरतं, अभ्यासात लक्ष नाही, तर आधी टॉन्सिल आणि ॲडेनॉइड कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. टाळू फारच अरुंद असेल तर वाढत्या वयात तो रुंदावण्याचं साधन काही मुलांना उपयोगी पडतं.

खर्चाची धास्ती असेल तर मुंबईचं नायर दंत महाविद्यालय, मुंबई आणि नागपूरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेतच. जाताना फोनवर टिपलेला घोरण्याचा आवाज आणि चालू औषधांची यादी बरोबर घ्या. आणि तारा सुचवल्या, तर शांतपणे विचारा, “या दातांसाठी, सांध्यासाठी की झोपेसाठी? माझी झोपेची तपासणी झाली आहे का?” चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही, बरं का!