पुनरावृत्तीजन्य ताणविकार

पुनरावृत्तीजन्य ताणविकार म्हणजे एकच हालचाल दीर्घकाळ आणि पुन्हा पुन्हा केल्यामुळे बोटे, मनगट, कोपर व खांदा यांतील स्नायू, कंडरा किंवा तंत्रिका यांना होणाऱ्या विकारांचा समूह होय. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘आरएसआय’ असेही म्हणतात. लेखनिक, शिंपी, वादक, विडी कामगार, संगणकचालक आणि कंपन पावणारी अवजारे हाताळणारे कामगार यांच्यात हे विकार आढळतात.

कारणे

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागास कंडरा म्हणतात. मनगटापाशी कंडरा आवरणांतून मागेपुढे सरकतात. कंडरांचा रक्तपुरवठा कमी असल्याने त्यांची झीज सावकाश भरून निघते. दोन कामांमधील विश्रांती अपुरी पडली की झीज साचत जाते. हालचालींच्या संख्येबरोबरच लागणारा जोर, वाकवलेले मनगट, कंपन व थंडी यांमुळेही धोका वाढतो.

कामाचा वेग कोण ठरवतो, यालाही महत्त्व आहे. सोलापूर व निपाणी येथील विडी उद्योगात मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. पान कात्रीने कापणे, तंबाखू भरून विडी वळणे आणि दोऱ्याने बांधणे या क्रिया त्याच बोटांनी दिवसभर कराव्या लागतात. अशा कामात घेतलेली विश्रांती थेट मजुरीतून वजा होते.

प्रमुख प्रकार

- कार्पल टनेल सिंड्रोम: मनगटातील अरुंद बोगद्यातून 9 कंडरा व मध्य तंत्रिका जातात. तेथील दाब वाढल्यास अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेचा अर्धा भाग यांत मुंग्या येतात. करंगळीची तंत्रिका वेगळी असल्याने ती सहसा सुटते.
- डी क्वेरव्हेन विकार: अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर वेदना होते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेरव्हेन यांनी 1895 मध्ये याचे वर्णन केले.
- टेनिस एल्बो: कोपराच्या बाहेरील बाजूस वेदना होते. टेनिस न खेळणाऱ्यांनाही हा विकार होतो.
- ट्रिगर फिंगर: बोट वाकलेल्या स्थितीत अडकते आणि झटक्याने सरळ होते.

लक्षणे

आरंभी कामाच्या वेळी दुखते आणि विश्रांतीने बरे वाटते. पुढे वेदना रात्रीही टिकते, पकड सैल होते आणि वस्तू हातातून निसटू लागतात. कार्पल टनेल सिंड्रोममध्ये दीर्घकाळ उपचार न झाल्यास अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग झिजू शकतो.

इतिहास

इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवर 1700 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. लेखनिकांच्या त्रासाची तीन कारणे त्यांनी सांगितली: सतत बसणे, हाताची तीच हालचाल आणि मनावरील ताण. उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहायला शिकलेल्या एका लेखनिकाचे उदाहरण त्यांनी दिले आहे. पुढे त्याच्या डाव्या हातालाही तोच विकार जडला.

ब्रिटनमध्ये तारयंत्र चालवणाऱ्यांच्या हाताचा विकार 1908 मध्ये नुकसानभरपाईस पात्र ठरला. 1911 मधील चौकशी समितीने मात्र वारंवार येणाऱ्या शिणाबरोबर कर्मचाऱ्याच्या मानसिक अस्थिरतेकडेही बोट दाखवले. दोष कामात की कामगारात, हा वाद 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियातील कळफलक चालवणाऱ्यांच्या बाबतीत पुन्हा उद्भवला.

निदान

कामाची माहिती आणि शारीरिक तपासणी यांवर निदान आधारलेले असते. तंत्रिकेवरील दाब तपासण्यासाठी तंत्रिका-संवहन चाचणी करतात. मधुमेह, गर्भावस्था, अवटु ग्रंथीची मंदता व संधिवात यांमुळेही कार्पल टनेल सिंड्रोम होऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक वेळी काम हेच एकमेव कारण असते असे नाही.

उपचार व प्रतिबंध

विश्रांती, रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, व्यायामोपचार आणि आवश्यकतेनुसार स्टिरॉइडचे इंजेक्शन हे प्राथमिक उपाय आहेत. कार्पल टनेल सिंड्रोम तीव्र असल्यास मनगटावरील आडवा अस्थिबंध कापून दाब कमी करतात. मात्र रुग्ण त्याच वेगाच्या, तशाच कामावर परतल्यास वेदना पुन्हा उद्भवू शकते. म्हणून कामात थोड्या थोड्या वेळाने खंड घेणे, कामांची आलटून पालटून वाटणी करणे, अवजारांना धार ठेवणे आणि मनगट सरळ राहील अशी बैठक असणे हे प्रतिबंधाचे मुख्य उपाय मानले जातात. यांपैकी बहुतेक उपाय कामाची आखणी करणाऱ्याच्या हाती असतात.