वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे चुंबकीय ढवळण

अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही भट्टीतील त्याचा तप्त रस चुंबकाने ढवळता येतो आणि तोही भट्टीच्या जाड, उच्चतापसह अस्तराच्या पलीकडून.

या तंत्राचे मूळ १८२४च्या सुमारास फ्रान्सच्या आरागो यांना आढळलेल्या एका नवलात आहे. तांब्याची तबकडी फिरवली, की तिच्यावर टांगलेली चुंबकसूचीही फिरू लागे. त्याचा उलगडा फॅरेडे यांनी १८३१ मध्ये लावलेल्या विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनाच्या शोधामुळे झाला. चुंबक आणि संवाहक एकमेकांच्या सापेक्ष हलले, की संवाहकात भोवरा प्रवाह उमटतात व त्यांच्यामुळे दोहोंमध्ये ओढ निर्माण होते. भट्टीत फिरतो तो चुंबक आणि त्याच्यामागे ओढला जातो धातूचा रस.

ढवळण्याची गरज भट्टीच्या रचनेतूनच उद्भवते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते. बर्नरची ज्योत वरून लागते आणि तापलेला रस हलका असल्याने वरच राहतो. परिणामी पृष्ठभाग नको तितका तापून ऑक्साइडची मळी वाढते, तळ मात्र थंड राहतो. मिश्रणासाठी टाकलेले सिलिकॉनही सर्वत्र सारखे पसरत नाही. पोलादी दांड्याने ढवळावे, तर दार उघडे ठेवून उष्णता गमवावी लागते. शिवाय दांड्याचे लोह रसात विरघळते ते वेगळेच.

विजेच्या वेटोळ्यांनी ढवळण्याची पद्धत पोलादाच्या भट्ट्यांत आधीच रूढ होती. स्वीडनच्या आसेआ कंपनीने तसे यंत्र १९४७ मध्ये पुरवले. मात्र त्या वेटोळ्यांना भरपूर वीज आणि थंड करणारे पाणी लागते. १९८०च्या दशकात जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेचे जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडिमियम, लोह व बोरॉन यांचे प्रबळ स्थायी चुंबक सिद्ध केले आणि अस्तराच्या जाडीपलीकडे पोचणारे क्षेत्र विजेवाचून उपलब्ध झाले. आता वीज लागते ती चुंबक फिरवणाऱ्या मोटरला आणि थंड हवेच्या पंख्याला.

फिरण्याचा वेग ठरवणे हे खरे कौशल्य. सेकंदाला ५० आवर्तनांचे क्षेत्र द्रव अ‍ॅल्युमिनियममध्ये जेमतेम साडेतीन सेंटिमीटर शिरते. एकाच आवर्तनाचे सुमारे २५. म्हणून यंत्र संथ फिरवतात. भट्टीचे साधे पोलादी कवच क्षेत्र स्वतःकडेच वळवून घेते, त्यामुळे तेवढ्या भागात अचुंबकीय स्टेनलेस पोलादाचा पत्रा बसवतात.

चुंबक तळाखाली किंवा बाजूच्या भिंतीलगत ठेवतात. भट्टीला जोडलेल्या लहान कुंडाशी ठेवल्यास तेथे भोवरा तयार होतो आणि हलका भंगार कीस जळण्यापूर्वीच रसात बुडतो. माझ्या मते या तंत्राचा हा सर्वांत देखणा उपयोग होय.

उष्णता हा या चुंबकांचा शत्रू. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांपुढे दुबळे होऊ लागतात आणि सुमारे ३१० अंशांना त्यांचे चुंबकत्वच नाहीसे होते. शिवाय वेटोळ्यांप्रमाणे त्यांचे क्षेत्र बटन दाबून बंद करता येत नाही. दुरुस्तीच्या वेळी यंत्र गाड्यावरून दूर सरकवावे लागते, पोलादी अवजारे लांब ठेवावी लागतात आणि पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीला जवळ येऊ देत नाहीत.