व्यसनी माणूस आधी वाचला पाहिजे

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला आणि आसपासच्या शिवारात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओतरंग त्या टिपतात. एवढे मोठे विज्ञान आपल्या दारात आले. पण वस्तीतले पोर दारूत किंवा गर्दमध्ये बुडाले की आपण विज्ञान विसरतो. त्याला मारतो, कोंडतो, अंगारा लावतो, नाहीतर पाहुण्यांपासून लपवतो. अशाने व्यसन सुटत नाही.

पंचशीलातले पाचवे शील आपल्याला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञाही आहे. ती आपण पाळलीच पाहिजे. पण शील मोडणाऱ्याला मरू द्यावे, असे धम्म सांगत नाही. करुणा म्हणजे आधी जीव वाचवणे.

२०१५ साली मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. बहुतेक हातावर पोट असलेली. त्या दारूत मिथेनॉल होते. कारखान्यात वापरतात ते हे रसायन. पोटात गेल्यावर शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि डोळ्यांची नस जळते. त्रास लगेच दिसत नाही, काही तासांनी दिसतो. पोटात कळा, उलट्या, डोळ्यांपुढे धुके, ही लक्षणे दिसली की ‘झोपला म्हणजे उतरेल’ म्हणून थांबू नका. इस्पितळात त्यावर उतारा आहे, डायलिसिस आहे. वेळेत पोचला तर माणूस वाचतो, डोळेही वाचू शकतात.

दुसरी गोष्ट. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून खोलीत कोंडू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. गर्द घेणाऱ्याचा श्वास मंदावला, ओठ निळे पडले, तर त्याला कुशीवर वळवा आणि ताबडतोब इस्पितळात न्या. नॅलोक्सोन नावाचे औषध तिथे श्वास परत आणू शकते.

‘नेले तर पोलीस पकडतील’ ही भीती अनेक आयांना गप्प ठेवते. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात कलम ६४अ आहे. सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार मात्र पुरा करावा लागतो. हे कलम विकणाऱ्याला वाचवत नाही, आजाऱ्याला वाचवते.

पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. तेव्हापासून कितीतरी घरे पुन्हा उभी राहिली.

मायभगिनींनो, शासनाचा व्यसनमुक्तीचा फोन क्रमांक १४४४६ आहे. तो चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. लाज बाजूला ठेवून पहिला फोन तुम्ही करा.