"दादा, हे खातच नाही, दुसरं काहीतरी द्या"

ज्यांच्या डोक्यात पेट शॉप काढायचा विचार आहे, त्यांच्यासाठी आजचा विषय. रबाळ्यात माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य मी वर लिहिलंय. हे ऐकल्यावर नवा दुकानदार काय करतो? मागे वळतो आणि त्याहून महागडी बॅग काढून देतो. मीही तेच करायचो. बीबीएला शिकलेलं अपसेलिंग! पण आपल्या धंद्यात पैसे देणारा एक आणि खाणारा दुसराच, हे तिथे कुणी सांगितलं नव्हतं.

बॅगेला हात लावण्याआधी विचारा. शेवटचं कधी खाल्लं? पाणी पितो का? उलटी, जुलाब? आणि बाकी काही खातो का?

शेवटच्या प्रश्नातच बऱ्याचदा उत्तर सापडतं. "नाही हो, काहीच नाही. सकाळी चहाबरोबर चार बिस्किटं, आजी चपातीचा तुकडा टाकते, रात्री थोडं चिकन..." अहो, मग त्याचं पोट भरलेलंच आहे! वरचा खाऊ दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत हवा. जेवणाच्या दोन वेळा ठरवा, वीस मिनिटांनी भांडं उचला, आणि घरात सगळ्यांना तंबी द्या. आजीला तंबी कोण देणार, ते मात्र त्यांचं त्यांनी बघायचं.

खाद्य एकदम बदललं असेल तरी कुत्रा तोंड फिरवतो, किंवा खातो आणि पोट बिघडतं. जुन्यात पाव भाग नवं मिसळा, दोन दिवसांनी अर्धं, मग पाऊण. आठवडाभरात पूर्ण बदल.

कधी कधी चूक आपली असते. गिऱ्हाईक पाव किलो, अर्धा किलो सुटं मागतं म्हणून आपण मोठी बॅग फोडून ठेवतो. कोरड्या खाद्यावर चरबीचा थर असतो. हवा लागली की तो खवट होतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात दाणे ओल धरतात, बुरशी येते. आपल्याला वास येत नाही, कुत्र्याला येतो. शिवाय सुट्या पुडीवर बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही. मी सुटं बंद केलं. त्यामुळे काही गिऱ्हाइकं गेली, हे खोटं कशाला सांगू?

आता मांजर. हे नीट वाचा.

दुसऱ्याच वर्षी एक ताई आल्या. मांजर तीन दिवस काही खात नाही म्हणाल्या. मी ग्रेव्हीची सहा पाकिटं दिली, "वासाने खाईल बघा." दोन दिवसांनी त्या परत आल्या. मांजर दवाखान्यात, सलाइनवर. एक शब्द न बोलता त्यांनी न फोडलेली पाच पाकिटं काउंटरवर ठेवली. मी पैसे परत केले, पण तोंड वर करून बघवलं नाही.

मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते. जाड मांजराला धोका जास्त. धडधाकट मोठा कुत्रा एक वेळ जेवला नाही तर थांबता येतं. मांजराने दिवसभर तोंड लावलं नाही तर थेट डॉक्टर. पिल्लू खात नाही, उलट्या, रक्ताचे जुलाब, मलूल पडलंय, तर पार्व्होची शंका घ्या आणि लगेच पाठवा. त्या गिऱ्हाइकाला बॅग विकायची नाही, टॉनिकही नाही.

आता माझ्या काउंटरमागे रेट बोर्डाच्या वर जवळच्या दोन पशुवैद्यांचे नंबर लावलेत. त्याखाली परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाचा पत्ता. (१८८६ साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय याच आवारात सुरू झालं.) दुकानातल्या पोरालाही सांगून ठेवलंय, मांजराचं नाव निघालं की आधी दिवस विचार, मग पाकीट दाखव.

त्या ताईंचं मांजर वाचलं. पण त्या माझ्या दुकानात पुन्हा आल्या नाहीत.