उद्योजकाची ओळख: छापलेली आणि तपासलेली

पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयातून दरवर्षी मुलेमुली नोकरीच्या शोधात बाहेर पडतात. तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या हाती वर्षातून एकदा सोयाबीन-कपाशीचा पैसा एकरकमी येतो. या दोन्ही घरांपर्यंत कुणा ना कुणा 'यशस्वी उद्योजका'ची ओळख पोहोचते. ती कधी पुरवणीतल्या रंगीत पानावर असते, कधी सत्काराच्या फ्लेक्सवर, कधी मोबाइलवरच्या मुलाखतीत. तिच्या भरवशावर कुणी नोकरी धरतो, कुणी डीलरशिपची अनामत भरतो, कुणी ठेव ठेवतो. हा मजकूर बहुतेक वेळा त्या उद्योजकाने स्वतः दिलेला असतो किंवा त्याच्या माणसाने लिहिलेला असतो. म्हणून तो खोटा ठरत नाही, पण तपासलेलाही ठरत नाही. तपासण्याची साधने आज पुसदमध्ये बसून, मोबाइलवर, जवळपास फुकट मिळतात. तरीही काही समजुतींमुळे आपण तिकडे वळत नाही.

'पेपरात आले, म्हणजे वार्ताहराने खात्री केली असणार'

महाराष्ट्राच्या 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याचे कौतुक करणारा मजकूर वेगवेगळ्या वृत्तपत्रांत शब्दाला शब्द सारखा छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केले आणि पुढे भारतीय प्रेस कौन्सिलने 2010 मध्ये पैसे घेऊन छापल्या जाणाऱ्या बातम्यांवर सविस्तर अहवाल तयार केला. राजकारणात जे घडले ते उद्योगाच्या पानांवर घडणे अधिक सोपे, कारण तिथे हरकत घेणारा विरोधी उमेदवार नसतो. पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रायोजित' किंवा 'जाहिरात उपक्रम' लिहिले आहे का, ते आधी बघावे. मग मजकुरातले एखादे वाक्य इंटरनेटवर शोधावे. तेच वाक्य चार ठिकाणी सापडले, तर ते एका प्रसिद्धिपत्रकातून आलेले आहे.

पैसे न घेता, प्रामाणिकपणे लिहिणारेही फसतात. अमेरिकेतली उद्योजिका एलिझाबेथ होम्स हिची संपत्ती फोर्ब्सने साडेचार अब्ज डॉलर सांगितली होती. 2016 मध्ये त्याच फोर्ब्सने ती शून्यावर आणली आणि 2022 च्या जानेवारीत ज्यूरीने तिला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवले. तिच्या रक्ततपासणी यंत्राचे कौतुक छापणाऱ्या बहुतेकांनी ते यंत्र चालते की नाही याची स्वतंत्र खात्री केलीच नव्हती.

'माणूस शून्यातून वर आलाय, तो बुडवणार नाही'

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो हा गैरसमज, कारण तो आपल्या चांगल्या भावनेतून येतो. कष्टाने वर आलेल्या माणसाबद्दल मराठी माणसाला मनापासून आदर वाटतो आणि तो वाटायलाही हवा. पण कहाणी खरी असली तरी ती कालच्या दिवसांबद्दल सांगते. आपला पैसा आजच्या ताळेबंदावर टिकतो किंवा बुडतो.

पुण्याचे डी. एस. कुलकर्णी हे महाराष्ट्रात घरोघरी माहीत असलेले नाव. सामान्य परिस्थितीतून त्यांनी मोठा बांधकाम व्यवसाय उभा केला ही गोष्ट खरीच होती. त्यांच्या जाहिराती लोकांना पाठ होत्या. निवृत्तांनी आयुष्याची पुंजी विश्वासाने त्यांच्याकडे ठेवली. ठेवी परत मिळेनात तेव्हा ऑक्टोबर 2017 मध्ये पुण्यात गुन्हा दाखल झाला आणि फेब्रुवारी 2018 मध्ये त्यांना अटक झाली. गुन्ह्याचा निवाडा न्यायालयाचा. वाचकाने लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे: त्यांची मुख्य कंपनी शेअर बाजारात नोंदलेली होती, तिच्या कर्जाचे आकडे दरवर्षी जाहीर होत होते, आणि ठेवीदारांपैकी फारच थोड्यांनी ते पाहिले असतील. सगळ्यांनी कहाणी वाचली होती.

'आपल्या भागातला आहे' ही याच समजुतीची दुसरी बाजू. आडनाव ओळखीचे, गाव ओळखीचे, मामाच्या गावाकडचा कुणीतरी तिथे कामाला. एवढ्यावर विदर्भ-मराठवाड्यात पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांत किती पैसा अडकला हे पुसदकरांना सांगायला नको. बँकेतली ठेव पाच लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. ही मर्यादा फेब्रुवारी 2020 पासून आहे. पतसंस्थेला किंवा मल्टिस्टेट सोसायटीला हे संरक्षण नाही, तिचा संस्थापक कितीही आदरणीय असो. खासगी मर्यादित कंपनीला तर सर्वसामान्य जनतेकडून ठेवी घेण्याची परवानगीच नाही. कुणाकडे पैसे घेण्याचा अधिकार आहे हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर पाहता येते आणि तक्रारही तिथेच करता येते.

'सरकारी नोंदणी आहे, आयएसओ आहे, पुरस्कार आहे'

भिंतीवरच्या चौकटी बघून आपण दबतो. त्यातली एकेक खाली उतरवून वाचावी.

उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू झाली. ती स्वयंघोषणेवर होते, शुल्क नाही, कागदपत्रे अपलोड करावी लागत नाहीत. लहान उद्योजकासाठी ही चांगली सोय आहे. मात्र सरकारने त्याचा धंदा तपासला असा तिचा अर्थ नाही. कंपनी नोंदणीचेही तसेच. खासगी कंपनीसाठी किमान एक लाख भागभांडवलाची अट 2015 मध्ये काढून टाकली गेली. दोन संचालक आणि थोडी रक्कम असली की कंपनी उभी राहते. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. ती मानके ठरवते आणि प्रमाणपत्र दुसऱ्या खासगी संस्था देतात. त्यांच्यातही अधिस्वीकृती असलेल्या आणि नसलेल्या असा मोठा फरक आहे. शिवाय आयएसओ 9001 हे कामाच्या पद्धतीबद्दल असते, मालकाच्या सचोटीबद्दल नव्हे.

नावाआधी 'डॉ.' असेल तर पदवी कुठली, हे विचारायला संकोच नको. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या किंवा अभिमत दर्जा मिळालेल्या विद्यापीठांना आणि संसदेच्या कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो आणि त्या यादीत नागपूरचेही एक नाव अनेक वर्षे आहे.

पुरस्कारांबद्दल एकच उदाहरण पुरे. सत्यम कॉम्प्युटर्सचे रामलिंग राजू यांना 2007 मध्ये वर्षाचे उद्योजक म्हणून गौरवले गेले. 2008 मध्ये त्यांच्या कंपनीला उत्तम कारभारासाठी 'गोल्डन पीकॉक' मिळाला. 7 जानेवारी 2009 रोजी राजूंनी स्वतःच लिहून दिले की ताळेबंदातली सुमारे 5,040 कोटी रुपयांची रोकड अस्तित्वातच नाही. पुरस्कार देणारी मंडळी नावाजलेली होती, लेखापरीक्षक जगप्रसिद्ध होते. त्यांच्यापैकी कुणीही ते आधी उघड केले नव्हते. हे ध्यानात घेतले की पैसे भरून मिळणाऱ्या 'उद्योगरत्न' मानचिन्हाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. मंत्र्यासोबतचा फोटो आणि समाजमाध्यमांवरच्या नावापुढची निळी टिक या त्याहूनही हलक्या गोष्टी. गावाने दोन मुख्यमंत्री दिले असल्यामुळे नेत्यासोबतच्या फोटोचे वजन पुसदमध्ये जरा जास्तच धरले जाते. कार्यक्रमाच्या गर्दीत असा फोटो कुणालाही मिळतो, आणि निळी टिक तर आता महिन्याच्या शुल्कावर मिळते.

'इतकी तपासणी सीएलाच जमते'

नाही. कंपनीला तिच्या लेटरहेडवर आणि बिलावर 21 अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक छापावा लागतो, तशी कायद्याचीच सक्ती आहे. त्यात नोंदणीचे राज्य आणि वर्ष लिहिलेले असते. मुलाखतीत 'वीस वर्षांची परंपरा' आणि क्रमांकात 2021 असेल, तर विचारायचा पहिला प्रश्न तयार झाला. उत्तर सरळही असू शकते: आधी वडिलांच्या नावाने पेढी होती, मग कंपनी केली. तसे असेल तर जुने कागद दाखवता येतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची नावे मोफत दिसतात आणि 100 रुपये भरून दाखल केलेले ताळेबंद वाचता येतात. स्वतःला 'संस्थापक' म्हणवणाऱ्याचे नाव संचालकांत किंवा भागधारकांत आहे का, एवढे बघितले तरी पुष्कळ कळते.

वस्तू व सेवा कराच्या पोर्टलवर 27 ने सुरू होणारा महाराष्ट्राचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख आणि विवरणपत्रे भरली जातात की नाही, हे लॉगिन न करता दिसते. 'पाचशे हातांना काम दिले' असा दावा असेल तर भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव शोधावे. कोणत्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांचा निधी भरला, ते तिथे दिसते. कंत्राटी आणि हंगामी मजूर त्यात नसतील हे धरूनही पाचशे आणि बारा यांतले अंतर लपत नाही. महाविद्यालयात मुलाखतीला आलेल्या अनोळखी कंपनीसाठी मुलांनी निदान ही एक तपासणी करावीच, असे मी आग्रहाने सांगेन. ई-कोर्ट्सवर नाव आणि जिल्हा टाकून प्रकरणे पाहता येतात. तिथे मात्र सावधपणे वाचावे. एकाच नावाची दहा माणसे असतात, आणि खटला दाखल होणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. परंतु न वटलेल्या धनादेशांची एकामागून एक प्रकरणे एकाच पत्त्यावर दिसली, तर थांबावे.

आकड्यांत दोन जागा निसरड्या आहेत. उलाढाल म्हणजे नफा नव्हे: जिनिंगवाला वर्षाला 50 कोटींची कपाशी फिरवतो आणि भाव पडलेल्या वर्षी तोट्यातही जातो. आणि 'शंभर कोटींची कंपनी' म्हणजे बहुधा शंभर कोटी रुपये नव्हेत. एखाद्याने एक टक्का भाग एक कोटीला घेतला की हिशेबाने अख्ख्या कंपनीचे मूल्य शंभर कोटी ठरते. कंपनीत रोख आलेला असतो एकच कोटी.

'ज्याची काहीच ओळख छापलेली नाही, तो संशयास्पद'

या समजुतीने प्रामाणिक माणसांचे नुकसान होते. वसंतराव नाईकांचे आयुष्य आपण नेमके सांगू शकतो, कारण 1 जुलै 1913 चा गहुलीतला जन्म आणि 1963 ते 1975 चे मुख्यमंत्रिपद सार्वजनिक नोंदीत आहे. पुसदच्या बाजारपेठेत तीन पिढ्या धंदा करणाऱ्या व्यापाऱ्याची अशी नोंद कुठे नसते. त्याची ना मुलाखत असते, ना संकेतस्थळ. त्याची माहिती त्याला माल देणारा, त्याच्याकडचा जुना दिवाणजी आणि त्याचा बँक व्यवस्थापक यांच्याकडे असते. मोठ्या उद्योजकाबाबतही हीच माणसे शोधावीत: ज्याचे बिल थकले असेल असा पुरवठादार आणि नोकरी सोडून गेलेला कर्मचारी. मुलाखतीत त्या दोघांचे नाव कधी येत नाही. शक्य असेल तर पैसे भरण्याआधी त्यांच्यापैकी एकाशी तरी फोनवर बोलून घ्यावे, आणि 'पगार तारखेला व्हायचा का?' हा प्रश्न आधी विचारावा.