टाचेखालचं लॉक

रोवणीचे दिवस. बांधीत घोट्याच्या वर पाणी आणि पाण्याखाली कन्हार, म्हणजे चिकट काळी माती. ट्रॅक्टरला केजव्हील लावून चिखलणी चाललेली असते. मध्येच एक चाक मऊ कोपऱ्यात उतरतं आणि जागच्या जागी गरगरायला लागतं. दुसरं चाक गप्प उभं. ड्रायव्हर खाली बघतसुद्धा नाही. रेस कमी करतो, टाच मागे नेऊन एक छोटं पेडल दाबतो, दोन्ही चाकं एकदम ओढ घेतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. टाच उचलली की लॉक सुटतं.

लहानपणी काकांच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून हे मी शेकडो वेळा पाहिलं. काका एवढंच म्हणायचे, ‘एक चाक रिकामं फिरते, दुसरं झोपून राह्यते. त्याले उठवा लागते.’ त्या पेडलला सगळे ‘लाक’ म्हणत. डिफरन्शियल हा शब्द पुढे शाळेत भेटला.

त्याच ट्रॅक्टरवर उजव्या पायाशी ब्रेकची दोन पेडलं असत, डाव्या चाकाचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं. सडकेवर जाताना त्यांच्यामधली पट्टी अडकवून दोन्ही एक करायची, बांधीत उतरताना ती काढायची. धुऱ्याशी पोचल्यावर आतल्या चाकाचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर जवळजवळ जागेवर वळतो. काका त्या ब्रेकचा आणखी एक उपयोग करत. एक चाक घसरायला लागलं आणि लॉक दाबण्याइतकी वेळ आलेली नसली, तर घसरणाऱ्या चाकाचाच ब्रेक हलका धरायचा. दुसरं चाक जागं व्हायचं.

आज फोर व्हील गाडी घेणाऱ्यांत ‘इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल चांगलं की मेकॅनिकल लॉक’ हा वाद रंगतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या कुरखेड्याच्या बांधीत त्याची दोन्ही उत्तरं गेली कित्येक वर्षं एकाच माणसाच्या पायाखाली आहेत. म्हणून या वादाचा मागोवा मला शोरूमपासून घ्यावासा वाटत नाही.

सगळी गोष्ट डिफरन्शियलपासून सुरू होते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच कडक दांड्यावर बसवली तर वळताना एक चाक फरफटणार. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी यावर दातेरी चक्रांची जुळणी शोधली, आणि तीच आजवर चालत आली आहे. तिचा गुण हाच तिचा दोष आहे. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, आणि तो जोर किती हे ठरतं ज्या चाकाची पकड कमी त्याच्यावरून. एक चाक शेवाळावर किंवा हवेत असलं, तर मुरमावर घट्ट उभ्या असलेल्या दुसऱ्यालाही जवळजवळ काहीच मिळत नाही.

हा दोष नडावा असाच आमचा मुलूख आहे, सती नदीच्या काठचं कुरखेडा. वडशाहून येणारी सडक इथून पुढे बेडगावचा घाट चढून कोरचीला जाते. जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भाग जंगल, पाऊस वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या वर, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा सडक सोडून आत गेलं की मातीचीच वाट होती. सरकारी कामाला जीप, बांबू आणि लाकूड न्यायला ट्रक, बाकी सगळ्यांना बैलबंडी आणि पाय.

जीप म्हणजे महिंद्रची. विलीजची जीप जुळवायला महिंद्रनं १९४७ च्या सुमारास सुरुवात केली आणि तिच्याच घराण्यातल्या गाड्या पुढे अनेक वर्षं खेड्यापाड्यांत धावल्या. लोकांना वाटे, चारही चाकं ओढतात म्हणजे ती फसणारच नाही. पण तिच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलमध्ये साधं, उघडं डिफरन्शियल होतं. मधला गिअरबॉक्स पुढचा आणि मागचा ॲक्सल बांधून ठेवी एवढंच. नाल्याच्या उतरणीवर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम हलकं झालं, की ती दोन फिरत राहत आणि उरलेली दोन झोपत. अशा जागी जुने ड्रायव्हर डहाळ्या टाकत, चाकाला दोर गुंडाळत, किंवा रेस देतानाच ब्रेक हलका धरत. काकांची युक्ती इथेही होती, फक्त एका चाकाचा ब्रेक वेगळा धरायची सोय जीपला नव्हती. डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली, हलकी आणि चपळ. तिच्यातही लॉक नव्हतं. वजन कमी असल्यानं ती चिखलावरून तरून जाई, हे तिचं खरं बळ.

सामान्य माणसाच्या वाट्याला तर फोर व्हीलही आली नाही. वडसा–कुरखेडा–कोरची असा प्रवास माणसांनी खच्चून भरलेल्या काळ्या-पिवळ्या जीपनं व्हायचा आणि त्यातल्या बहुतेक मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या होत्या. फसली की पुरुषमंडळी उतरून ढकलत. तरीही निघाली नाही, तर कोणीतरी जवळच्या टोल्यावर ट्रॅक्टर आणायला जाई. झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या दिवाळीनंतरच का बाहेर पडतात, याचं उत्तर धान कापणीत आहे तसंच वाळलेल्या वाटांतही आहे.

पुढे डांबर आलं. २५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि गावं एकेक करून जोडली जाऊ लागली. हे सरळ रेषेत घडलं नाही. १ मे २०१९ ला आमच्या तालुक्यातल्या दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं नक्षलवाद्यांनी जाळली आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक असे १६ जण गेले. आमच्याकडे रस्ता कच्चा का राहिला, या प्रश्नाला चिखलाखेरीज हेही उत्तर होतं. त्या दिवसाचा उल्लेख टाळून या तालुक्यातल्या गाड्यांबद्दल लिहिणं मला जमणार नाही.

याच काळात दूर जर्मनीत सुरू झालेली एक गोष्ट हळूहळू आपल्यापर्यंत पोचत होती. बॉश कंपनीचं एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आलं. प्रत्येक चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, आणि चाक अडलं की ब्रेक क्षणभर सोडणारे व्हॉल्व्ह. १९८६ मध्ये तीच यंत्रणा उलटी वापरली गेली. चाक भरकटून फिरायला लागलं की त्या एकाच चाकाचा ब्रेक धरायचा. हे इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल. काका एका पायानं जे करत, तेच संगणक सेकंदाला कित्येकदा करतो. भारतात २०१८–१९ पासून कारना एबीएस सक्तीचं झालं. सेन्सर आणि व्हॉल्व्ह गाडीत आधीच आले म्हटल्यावर ट्रॅक्शन कंट्रोलला लागतात थोडे जादा व्हॉल्व्ह आणि सॉफ्टवेअर. लॉकला मात्र वेगळं पोलाद, वेगळी घडण आणि वेगळा खर्च लागतो. गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्स इतक्या लवकर का पसरलं, याचं मोठं कारण हा हिशोब आहे, आणि ग्राहकाला ते कोणी सांगत नाही.

दोन्हींत फरक कुठे पडतो, हे आकड्यांत मांडून पाहू. समजा घसरणाऱ्या चाकाला चिखल १०० भागांचाच विरोध करतो आणि गाडी बाहेर निघायला एकूण ५०० भाग जोर हवा. लॉक लावलं तर घसरणारं चाक आपले १०० घेईल, उरलेले ४०० पकड असलेल्या चाकाला जातील आणि इंजिनाकडून ५०० पुरतील. ट्रॅक्शन कंट्रोलनं तेच साधायचं तर घसरणाऱ्या चाकावर ३०० भागांचा ब्रेक धरावा लागेल. तेव्हा त्या बाजूला ४०० होतील आणि दुसरीकडेही ४०० जातील. इंजिनाला ८०० द्यावे लागतील, त्यातले ३०० ब्रेकमध्ये उष्णता होऊन संपतील. कोरड्या घाटातल्या एखाद्या खड्ड्यापुरतं हे चालतं. दोन किलोमीटर चिखलात ब्रेक तापतात, गाळाच्या कणांनी पॅड झिजतात आणि काही गाड्यांत यंत्रणा ब्रेक वाचवायला स्वतःच थांबते.

माझ्या दृष्टीनं याहून मोठी गोष्ट वेळेची आहे. संगणकाला कळायला चाक आधी घसरावं लागतं. मुरमाड जमिनीवर अर्धा फेरा घसरलं तर काही बिघडत नाही. कन्हारीत तोच अर्धा फेरा माती चोपडी करतो, टायरच्या नक्षीत गारा भरतो आणि चाक चार बोटं खाली उतरवतो. हातानं किंवा पायानं लावायचं लॉक मात्र चिखलात शिरण्याआधी लावता येतं. पुढे काय आहे ते ड्रायव्हरला डोळ्यांनी दिसतं, सेन्सरला दिसत नाही.

लॉकचेही तोटे आहेत आणि ते मी पाहिले आहेत. लॉक लावून कडक जमिनीवर वळलं की टायर फरफटतात आणि ॲक्सलवर भलता ताण येतो. शेवाळलेल्या उतरत्या रपट्यावर लॉक लावलं तर दोन्ही मागची चाकं एकदम सुटतात आणि गाडीचं बूड खालच्या बाजूला सरकतं. उघड्या डिफरन्शियलमध्ये निदान न फिरणारं चाक गाडीला धरून ठेवतं. अशा रपट्यावर, पावसातल्या डांबरी वळणावर, नवख्या हातात, इलेक्ट्रॉनिक्स निःसंशय सरस आहे. तिथं ते जीव वाचवतं.

लॉक पूर्ण काढून टाकायचा प्रयोग जगात झालेला आहे. १९९८ मध्ये आलेल्या लँड रोव्हरच्या दुसऱ्या डिस्कव्हरीत ट्रॅक्शन कंट्रोल दिलं आणि पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं डिफरन्शियल लॉक करायचा दांडा काढून टाकला. वापरणाऱ्यांनी तक्रारी केल्या. काही वर्षांनी कंपनीनं तो परत दिला.

आपल्याकडे गाड्यांत लॉक मागच्या दारानं आलं. महिंद्रची २०१० ची थार साध्या डिफरन्शियलवर आली होती. २०१५ मध्ये तिच्या मागच्या ॲक्सलला मेकॅनिकल लॉक मिळालं. दोन चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की ते आपोआप लागतं. २०२० च्या नव्या थारमध्ये ब्रेकवर चालणारं इलेक्ट्रॉनिक लॉक आलं आणि काही गाड्यांत त्याच्या जोडीला मागचं मेकॅनिकलही राहिलं. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा २०२१ मध्ये नव्या रूपात आली, तेव्हाही पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलची लॉक हातानं लावायची सोय तिनं सोडली नाही. मारुतीच्या २०२३ च्या जिम्नीनं मात्र सगळा भार ब्रेकवर टाकला. २०२४ च्या पाच दारांच्या थारमध्ये मागचं लॉक आहे, शिवाय एक बटण आहे. अरुंद जागी वळताना ते मागचं आतलं चाक ब्रेकनं धरतं आणि गाडी थोडक्यात वळते. ते वाचलं तेव्हा मला धुऱ्याशी वळणारे काका आठवले आणि त्यांचा फार अभिमान वाटला.

या सगळ्यांत मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गाडी, २०२१ ची बोलेरो निओ. ती फोर व्हील नाही, मागच्या दोनच चाकांवर चालते. तरी तिच्या वरच्या प्रकारात मागच्या ॲक्सलला मेकॅनिकल लॉक आहे. म्हणजे लॉकसाठी महागडी फोर व्हील लागत नाही, दोन चाकांच्या साध्या गाडीलाही ते बसतं. फोर व्हील पण लॉक नाही आणि दोन चाकं पण लॉक आहे, अशा दोन गाड्यांतली एक निवडायची तर आमच्या सपाट, चिखलाच्या वाटेवर मी अनेकदा दुसरी घेईन.

हे आता सांगायचं कारण आहे. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. त्याआधी आतल्या गावांतून बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस खाटेवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणत. त्या सेवेनं किती जीव वाचवले हे आमच्या भागात घरोघरी सांगतील. पण ती गाडी मागच्या दोन चाकांवर चालते, आणि डांबर संपून गावापर्यंतचा जो शेवटचा तुकडा उरतो, तिथे ती सडकेलाच थांबते. रोगी पुन्हा खाटेवर, नाहीतर ट्रॉलीत. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर लॉक, संगणक, फोर व्हील, कशाचाच उपयोग नाही. तिथं थांबलंच पाहिजे. पण रुग्णवाहिका थांबते ते बहुतेक वेळा पुरामुळे नाही. एक चाक रिकामं फिरतं म्हणून थांबते.

कुरखेडा, कोरची, धानोरा, एटापल्ली, भामरागड. या तालुक्यांसाठी रुग्णवाहिका घेताना मागणीपत्रात एक ओळ वाढवावी, अशी आरोग्य खात्याला माझी विनंती आहे. ट्रॅक्शन कंट्रोल असू द्या, सडकेवर ते हवंच. त्याच्या जोडीला मागच्या ॲक्सलला ड्रायव्हरच्या हातानं लावता येईल असं मेकॅनिकल लॉक द्या. ते कधी लावायचं आणि कधी सोडायचं, हे इथल्या ड्रायव्हरांना शिकवावं लागणार नाही.